विषय: कारण दुरुस्त करून मिळणेबाबत

आमच्या घरी नुसतं तोंडाने मागून काही मिळत नसे. अर्ज करावा लागे, आणि तोही मराठीत.

बाबा इंग्लंडला येण्याआधी विदर्भातल्या एका तहसील कचेरीत कारकून होते. आई नर्स. तिला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली म्हणून आम्ही स्लाऊला आलो, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. बाबांना ट्रेडिंग इस्टेटवरच्या एका वेअरहाऊसमध्ये काम मिळालं. कचेरी सुटली, पण त्यांच्यातला कारकून काही सुटला नाही. शाळेची सहल आली की मी डायनिंग टेबलावर बसून लिहायचे : ‘विषय : समुद्रकिनारी जाण्यास परवानगी मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून नम्र विनंती की…’ बाबा चष्मा लावून वाचत, डावीकडच्या समासात हिरव्या शाईने शेरा मारत आणि कागद मला परत देत. ‘मंजूर. स्वेटर न्यावा.’ तहसील कचेरीत हिरवी शाई फक्त साहेबाला असते. स्लाऊमध्ये साहेब तेच होते.

माझ्या वर्गातली इतर देशी मुलं घरची भाषा विसरून मोकळी झाली. मी विसरू शकले नाही, कारण मला सायकल हवी होती.

शिवाय प्रत्येकाच्या नावाची एक फाईल होती. निळा पुठ्ठा, पांढरी दोरी, आत पान क्रमांक घातलेले कागद. जन्मदाखल्यापासून पोहण्याच्या सर्टिफिकेटापर्यंत सगळं. नियम कडक होता : फाईलमधून कागद काढला तर त्याच्या जागी चिठ्ठी लावायची. कोणी नेला, कशासाठी, परत कधी. एकदा आईने घाईत स्वतःचंच नर्सिंगचं रजिस्ट्रेशन चिठ्ठी न लावता नेलं, तर बाबा दोन दिवस तिच्याशी फक्त कामापुरतं बोलले. आई म्हणाली, “बरंय, शांतता आहे.”

एकोणिसाव्या वर्षी मी ब्रिटिश आर्मीत गेले. अर्थात अर्ज करूनच. मला ट्रक चालवायचे होते, मोठे, आणि मोठे ट्रक मुलीच्या हातात देणारं दुसरं कोणी मला तेव्हा दिसत नव्हतं. माझ्या अर्जावर बाबांनी ‘मंजूर’ लिहिलं आणि मग मला बसवून एक गोष्ट सांगितली. त्यांच्या पणजोबांच्या पिढीपर्यंत आमची माणसं इंग्रजांच्या पलटणीत होती, लढली, पेन्शनी घेऊन गावी आली. मग एक दिवस इंग्रजांनीच ठरवलं की या जातीचे लोक लष्कराला नकोत. भरती बंद. “काम वाईट होतं म्हणून नाही,” बाबा म्हणाले, “जन्म बघून. तेव्हा आपल्या लोकांनी काय केलं? अर्ज लिहिला. सरकारला. पानंच्या पानं.” मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “तू त्याच लष्करात चाललीस. पुढच्या दाराने.”

नऊ वर्षं मी ट्रक चालवले, चिखलात, बर्फात, जर्मनीतल्या जंगलात. एकदा एक मेजरसाहेब माझ्या शेजारी बसून गाढ झोपले होते आणि मी त्यांना चुकीच्या छावणीत नेऊन सोडलं. ते सोडलं तर माझ्याबद्दल तक्रार नव्हती. मग कोणीतरी माझ्या कपाटातून एका मैत्रिणीची पत्रं काढली. त्या काळी आर्मीत बाईचं बाईवर प्रेम असणं हे नोकरीवरून काढायला पुरेसं होतं. दोन माणसांनी एका खोलीत बसवून मला असे प्रश्न विचारले की आजही आठवले तर कान तापतात. शेवटी हातात एक दाखला दिला. सोडण्याचं कारण : ‘सेवेची यापुढे गरज नाही’. वर्तणुकीच्या रकान्यातही मला एक पायरी खाली ढकललं होतं.

मी घरी येऊन सांगितलं, गुडघा दुखावला. आईने माझ्या गुडघ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि वरण गरम करायला गेली. बाबांनी दाखला मागितला नाही. याचं मला तेव्हा नवल वाटायला हवं होतं. पण मी इतकी घाबरलेली होते की वाटलं, सुटले.

तो दाखला घेऊन मी मिल्टन कीन्सला गेले आणि एका पाकिटात घालून मोज्यांच्या खणात ठेवला. तिथे मी एका कंपनीचा ट्रक चालवू लागले आणि तिथेच मला ती भेटली. ती ड्रायव्हिंग शिकवते. मिल्टन कीन्समध्ये ड्रायव्हिंग शिकवणं म्हणजे दिवसभर गोल गोल फिरणं, इतकी राउंडअबाउट्स आहेत. तरी तिचं डोकं ठिकाणावर आहे, माझं नाही, म्हणून आमचं जमलं. आईबाबांना ती ‘फ्लॅटमेट’ म्हणून माहीत होती. आई दर वेळी दोन डबे द्यायची, एक माझा आणि एक “तिचा, तिखट कमी घातलंय.” फ्लॅटमेटसाठी वेगळी भाजी कोण करतं, हा प्रश्न मला दहा वर्षांत एकदाही पडला नाही. मी ट्रकच चालवावेत हे बरं.

दोन हजार सालाच्या सुरुवातीला आर्मीतली ती बंदी उठली. बातमी रेडिओवर लागली तेव्हा आम्ही दोघी किचनमध्ये नाचलो आणि टोस्ट जळला. मला वाटलं, संपलं आता. कायदा बदलला, पण कागद कुठे बदलतो? तीनेक वर्षांनी मी ट्रक ड्रायव्हर तयार करणाऱ्या एका सेंटरमध्ये इन्स्ट्रक्टरच्या जागेसाठी गेले. सगळं छान चाललं होतं. मग समोरच्या बाईंनी माझा दाखला वाचला, तोंडाचा चंबू केला आणि विचारलं, “गरज नाही म्हणजे? काही चोरीबिरी?” मी खरं कारण सांगितलं. त्या फारच सभ्यपणे हसल्या. जागा मला मिळाली नाही.

घरी येईपर्यंत माझं डोकं फिरलं होतं. नऊ वर्षं मी या देशाचं सामान इकडचं तिकडे नेलं, एक खोकं हरवलं नाही, आणि मी चोर? त्याच संध्याकाळी आर्मीच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहिलं. रागाने लिहिलं, त्यामुळे चार पानं झालं. उत्तर चार ओळींचं आलं : नोंद त्या वेळच्या नियमानुसार असल्याने बदलता येत नाही.

तिने दोन्ही पत्रं वाचली. म्हणाली, “तू भांडलीयेस. मागितलं काहीच नाहीस.” मग म्हणाली, “तुझ्या ओळखीत एक माणूस आहे ना, आयुष्यभर हेच केलेला?”

तो माणूस मला नको होता. कारण बाबांकडे जायचं म्हणजे गुडघ्याचं खोटं काढायचं, आणि त्याच्याखाली ती होती. बाबांनी तोंड फिरवलं तर? माझा दाखला सुधारला आणि घर गेलं तर त्या कागदाचं मी काय करणार होते? एक महिनाभर मी टाळलं. मग लक्षात आलं की मला हे तोंडाने सांगता येणार नाही, पण आमच्या घरी तोंडाने कधी काही सांगायचंच नसतं.

रविवारी स्लाऊला गेले आणि डायनिंग टेबलावर कागद ठेवला.

‘विषय : सैन्यातून सोडल्याचे कारण दुरुस्त करून घेण्यासाठी साहाय्य मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, अर्जदाराचा गुडघा पूर्णपणे बरा असून तो कधीही दुखावला नव्हता. अर्जदाराचे प्रेम स्त्रीवर आहे, हे समजल्यावरून अर्जदारास कामावरून काढण्यात आले. याबाबत अर्जदाराने रेकॉर्ड ऑफिसला पाठविलेल्या पत्रास नकार आला आहे. अर्जदार मागील दहा वर्षांपासून मिल्टन कीन्स येथे त्याच प्रकारचा संसार करीत आहे. फ्लॅटमेट हा शब्द कृपया रद्द समजावा. आपली विश्वासू.’

बाबा तेव्हा सत्तरीचे. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, पुन्हा वाचलं. पेन काढलं. हिरवं. समासात काहीतरी लिहिलं, कागद माझ्याकडे सरकवला आणि बागेत टोमॅटोंना पाणी घालायला गेले.

शेरा होता, ‘चर्चा करावी.’

त्या वीस मिनिटांत मी टेबलावरचं सगळं पुसून काढलं, मिठाची डबीसुद्धा. आई भाजी चिरत होती. म्हणाली, “अगं, त्यांना कधी एका बैठकीत मंजुरी देताना बघितलंयस का?” मी म्हटलं, “आई, तुला माहीत होतं?” ती म्हणाली, “दहा वर्षं कमी तिखटाची भाजी करतेय. हाताला कळतं.”

बाबा आत आले, हात धुतले, समोर बसले.

“सोबत कागदपत्रं काय जोडली होतीस त्या पत्राला?”

“काहीच नाही.”

“मागणी काय केलीस?”

“तशी… म्हणजे लिहिलं की तुम्हाला लाज वाटली पाहिजे.”

“ही मागणी नाही,” बाबा म्हणाले. “लाज कोणत्या रकान्यात भरणार ते?” मग चष्मा काढून पुसत बसले. बराच वेळ पुसला. “तुला काम वाईट म्हणून काढलं नाही,” ते शेवटी म्हणाले.

“नाही, बाबा.”

“मग झालं तर. हे आपल्याला नवीन नाही.” त्यांनी कोरा कागद ओढला. “आणि तिला पुढच्या रविवारी जेवायला आण. किती दिवस डब्यातून जेवेल?”

मी रडले. आईने कांद्याला दोष दिला, पण चिरत होती ती भेंडी.

अर्ज बाबांनी इंग्रजीत लिहिला, पण तहसील कचेरीच्या साच्यात. वर विषय, खाली संदर्भ एक ते पाच, मग मुद्दे. ज्या धोरणाखाली काढलं ते धोरण सरकारने स्वतः मागे घेतलं आहे. वर्तणुकीची पायरी का उतरवली याचं कारण कुठेही नमूद नाही. सबब कारण दुरुस्त करून नवा दाखला द्यावा. एक शब्द चढ्या आवाजातला नव्हता. माझ्या चार पानांपेक्षा तो दीड पानाचा अर्ज जास्त लागत होता. मी सही केली, बाबांनी त्यावर जावक क्रमांक टाकला आणि स्वतः जाऊन रजिस्टर पोस्टाने पाठवला. मला वाटलं, काम झालं.

बुधवारी कामावर असताना फोन आला. आमच्या विहार समितीचे सेक्रेटरी काका होते. बौद्ध मराठी मंडळी महिन्यातून एका रविवारी कम्युनिटी हॉल घेऊन वंदना करतात, त्या समितीचे. “तुझ्या अर्जाची प्रत मिळाली बरं का,” ते म्हणाले. “आवक नंबर टाकलाय. रविवारच्या मीटिंगमध्ये घेतो.”

मी ट्रक बाजूला घेतला. बाबांना फोन केला. “प्रत? बाबा, कसली प्रत?”

“माहितीसाठी,” बाबा म्हणाले. “खासदार, आपले कौन्सिलर आणि समिती. महत्त्वाच्या अर्जाच्या प्रती द्यायच्याच असतात. नुसता एकीकडे पाठवला तर दाबून ठेवतात.”

“अख्ख्या स्लाऊला कळवलंत तुम्ही! मला विचारायचं तरी!”

बाबा खरोखर गोंधळून म्हणाले, “पण अगं, काढलं त्यांनी. लाज आपण का धरायची?”

मी दहा वर्षं एक फ्लॅटमेट सांभाळत होते आणि या माणसाने एका दुपारी पोस्टाच्या तिकिटांनी सगळं उरकून टाकलं होतं. त्यांना हे लपवण्यासारखं वाटलंच नव्हतं. मी तिला फोनवर सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिला गाडी थांबवावी लागली, आणि गाडीत तिचा एक विद्यार्थी होता.

रविवारी मी तिलाही हॉलवर नेलं. वंदना झाली, चहा झाला, उपमा झाला. सेक्रेटरी काकांनी आवक पत्रव्यवहार वाचायला घेतला. आधी हॉलच्या भाड्याबद्दल कौन्सिलचं पत्र, मग हॅरोच्या मंडळाचं आमंत्रण, मग मी. त्यांनी अर्ज पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, ‘सोबत : वरीलप्रमाणे’ सकट. हॉलमध्ये चहाचं मोठं भांडं तेवढं खदखदत होतं. मी बुटांकडे बघत होते. तिने माझा हात धरला, उघड, सगळ्यांसमोर, आणि मी सोडवला नाही.

एक इंजिनियर काका उठले. ते नेहमीच उठतात. “हा आपल्या मीटिंगचा विषय आहे का? माय पॉइंट इज, हे पर्सनल मॅटर आहे.”

बाबा उभे राहिले. सभेत ते कधी बोलत नाहीत, फक्त इतिवृत्तातल्या चुका काढतात. “साहेब,” ते म्हणाले, “आपल्या पणजोबांना याच लष्कराने नको म्हटलं होतं. काम बघून नाही, जन्म बघून. ते पर्सनल मॅटर म्हणून घरी बसले नाहीत. त्यांनी अर्ज लिहिला. मी तेवढंच केलंय.” आणि बसले.

पहिल्या रांगेतल्या एका आजींनी शेजारणीला विचारलं, पण त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे ते सगळ्यांनाच ऐकू आलं. “ही ट्रकवालीच ना? मला एअरपोर्टवरून घेऊन आली होती, तीन बॅगा घेऊन? चांगली चालवते की. मग काढली कशाला?” आणि हात वर केला. “लिहा माझं नाव.”

अशा रीतीने पाठिंब्याचा ठराव मांडला गेला. सूचक आजी. अनुमोदक म्हणून आई उठली तर बाबांनीच हरकत घेतली, की अर्जदाराची नातेवाईक अनुमोदन देऊ शकत नाही. आई म्हणाली, “अहो, खाली बसा.” सेक्रेटरी काकांनी समितीची घटना चाळून सांगितलं की असा नियम नाही. ठराव पास झाला. इंजिनियर काका तटस्थ राहिले आणि तशी नोंद घ्यायला लावली. मात्र ठरावाच्या इंग्रजीतल्या तीन चुका त्यांनीच काढून दिल्या.

सगळे बदलले असं नाही. दोन घरांनी नंतर आम्हाला हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं. त्यावर आई म्हणाली, बौद्धांच्या घरी हळदीकुंकू होतं हेच मला खटकत होतं.

मग बाबांची खरी मजा सुरू झाली. स्मरणपत्र क्रमांक एक. त्याला ठराव जोडला. स्मरणपत्र क्रमांक दोन. त्याला पहिल्या स्मरणपत्राची प्रत. उत्तर आलं की प्रकरण विचाराधीन आहे, तर बाबा खूश. “विचाराधीन म्हणजे फाईल उघडलीय. बंद फाईलवर कोणी असं लिहीत नाही.” रविवारी ती जेवायला यायची आणि बाबा तिला पत्रव्यवहार दाखवायचे. ती हळूहळू जावक रजिस्टर भरायला शिकली. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे, हे बाबांनी मला निदान सहा वेळा सांगितलं.

तिसऱ्या स्मरणपत्रानंतर जाड पाकीट आलं. मी ते मिल्टन कीन्सच्या किचनमध्ये उभ्यानेच फोडलं. पत्राच्या वर संदर्भ म्हणून बाबांचा जावक क्रमांक जसाच्या तसा उतरवला होता. नवा दाखला होता. कारणाच्या जागी लिहिलं होतं की ज्या धोरणाखाली सेवा संपवली ते धोरण आता अस्तित्वात नाही आणि सेवेत कोणताही दोष नव्हता. वर्तणूक : उत्कृष्ट. मी ते मोठ्याने वाचलं. ती म्हणाली, परत वाच. मी परत वाचलं. मग चुकीच्या छावणीत सोडलेला मेजर आठवला आणि आम्ही पोट धरून हसलो.

दुपारी स्लाऊ गाठलं. बाबांनी दाखला खिडकीपाशी नेऊन वाचला, दोन्ही बाजूंनी, मागची बाजू कोरी होती तरी. आईला वाचून दाखवला. मग कपाटातून माझी निळी फाईल काढून माझ्यासमोर ठेवली. “तूच लाव,” म्हणाले. “तुझा कागद आहे.”

मी दोरी सोडली. जन्मदाखला, शाळा, पोहणं, ट्रकचं लायसन्स, भरतीचं पत्र. त्याच्यापुढे एक चिठ्ठी लावलेली होती, रीतसर पान क्रमांक घातलेली. कडा पिवळ्या पडलेल्या. तारीख मी आर्मी सोडून घरी आले त्या आठवड्यातली होती. हिरव्या शाईत बाबांचं अक्षर :

‘सैन्यातून सोडल्याचा दाखला. मुलीकडे आहे. ती देईल तेव्हा लावावा. मागू नये.’

मी वर बघितलं. बाबा खिडकीतून टोमॅटोंकडे बघत होते.

मी नवा दाखला चिठ्ठीच्या मागे लावला आणि दोरी बांधायला घेतली. “चिठ्ठी काढायची असते,” बाबा न वळता म्हणाले. “कागद आल्यावर चिठ्ठी ठेवत नाहीत. नियम आहे.”

“राहू दे ना, बाबा.”

“पान क्रमांक चुकतील.”

“चुकू देत.”

ते वळले, खिशातून हिरवं पेन काढलं आणि म्हणाले, “अर्ज कर.”